घटस्फोटाची शिकवणी

८ जानेवारी

पोहायला कोच असतो, धावायला कोच असतो, हे माहीत होतं. नवरा सोडून गेला की त्यालाही कोच असतो हे आज ताईकडून कळलं. "वकील कागद बघतो, डॉक्टर झोप बघतो, ही बाई तुला बघेल," ताई फोनवर म्हणाली. तिच्या ऑफिसातल्या कुणा बाईला या कोचने असं तयार केलं म्हणे, की कोर्टात नवऱ्यालाच घाम फुटला. मी हसले. "घटस्फोटाची शिकवणी लावू? या वयात?" ताई म्हणाली, "मग नापास हो. तुझी मर्जी."

फोन ठेवला. पाठकोऱ्या कागदावर घाईत टिपलेला नंबर मग या डायरीत नीट अक्षरात उतरवून घेतला.

मास्तरांना जाऊन आज अठ्ठेचाळीस दिवस झाले. मास्तर म्हणजे माझा नवरा, शाळेत भूगोल शिकवतो. लग्नाआधी लाडाने मास्तर म्हणायचे, आता रागाने म्हणते. जाताना म्हणाले, "तुझ्या घरात मी रोज परीक्षेला बसतो आणि रोज नापास होतो." सतरा वर्षांचा संसार, आणि जाताना वाक्य काय, तर एखाद्या ढ मुलाचं. आता सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतात. भिंगरी शनिवार-रविवार तिथे, बाकी दिवस इथे. लहानपणी अंगणात गोल गोल फिरत राहायची म्हणून भिंगरी. आता चौदा वर्षांची आहे. वकील म्हणतात, या वयाच्या मुलांना कोर्ट विचारतं, तुला कुणाकडे राहायचंय.

घर नको, भांडी नकोत, मास्तर तर नकोतच. भिंगरी माझ्याकडे राहिली पाहिजे. एवढंच.

१५ जानेवारी

गेले कोचकडे. फी ऐकून दातखीळ बसली, पण गेले.

लॉन्ड्रीच्या वरचा मजला, लहान खोली, एकाच उंचीच्या दोन खुर्च्या. रुमालांचा डबा बरोबर माझ्या हाताशी ठेवलेला. मी मुद्दाम एकही घेतला नाही. बाई पन्नाशीच्या, केस कापलेले, पायात सपाट चपला. म्हणाल्या, "मी वकील नाही, डॉक्टर नाही, आणि मैत्रीण तर मुळीच नाही. तुम्हाला काय हवंय ते एका वाक्यात सांगा." म्हटलं, "माझी मुलगी." त्यांनी ते लिहून घेतलं.

मग नियम सांगितले. मास्तरांशी बोलायचं ते थोडक्यात, मुद्द्याचं आणि शांत. भांडणाचा वास आला की एकच उत्तर द्यायचं: "तुझं म्हणणं ऐकलं. मला विचार करायला वेळ हवा. दोन दिवसांत सांगते." आरशासमोर म्हणून बघायचं, आवाज चढता कामा नये.

आणि नोंदवही. तारीख, वेळ, काय घडलं. विशेषणं नाहीत. "'बेजबाबदार' लिहू नका. 'चाळीस मिनिटं उशीर' लिहा." हे मला फार आवडलं. वीस वर्षं मी लॅबमध्ये दुसरं काय करते? दाताच्या डॉक्टरांकडून मापं येतात, त्यात प्लास्टर ओतून साचे करायचे, साच्यावर कवळी बसवायची. प्रत्येक साच्याच्या बुडाशी मी नाव, तारीख आणि डॉक्टरचं नाव कोरते. वीस वर्षांत एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात गेलेली नाही. मास्तर होते तेव्हा "तू सगळं लिहून का ठेवतेस?" म्हणून कुरकुरायचे. आता कळेल.

निघताना दारात कोच म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. मुलीला यात साक्षीदार करू नका." म्हटलं, छे, काहीतरीच.

१७ जानेवारी

लॅबमध्ये सांगावं की नाही या विचारात होते, पण पॉलिशवालीपासून काही लपत नाही. ती मशीनवर कवळ्या घासते, मी तिच्या शेजारी मेणात दात बसवते, मध्ये हातभर अंतर. "कोच? म्हणजे शिट्टी वाजवते का गं?" म्हणाली. दिवसभर येता-जाता तोंडाने शिट्टी. मालकांनी पण विचारलं काय झालं म्हणून.

२५ जानेवारी

नोंदवही सुरू केली. ताईने दिलेली जाड वही, निळ्या पुठ्ठ्याची. या डायरीत मी मनातलं लिहिते, तिच्यात फक्त घडलेलं.

जुनं आठवून आठवून लिहिलं. मास्तर भिंगरीला पोहायच्या तलावावर सोडून आणायला विसरले, एक तास पन्नास मिनिटं. फीची तारीख विसरले, दोनदा. कानाचं औषध विसरले. शाळेच्या पालकसभेला चुकीच्या दिवशी गेले आणि रिकाम्या वर्गात बसून आले (शिक्षक असून!). भिंगरीचा वाढदिवस एक दिवस आधीच साजरा केला. एका बैठकीत तेवीस नोंदी झाल्या. उठले तेव्हा पाठ दुखत होती, पण कित्येक महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

४ फेब्रुवारी

काल संध्याकाळी मास्तर भिंगरीला सोडायला आले. वीस मिनिटं उशीर. ती आत गेली तरी हे दारातच. हातात कागदी पिशवी होती. म्हणाले, "चहा ठेवतेस का? थोडं बोलायचं होतं."

आरशासमोर केलेला सराव वाया गेला नाही. म्हटलं, "तुझं म्हणणं ऐकलं. मला विचार करायला वेळ हवा. दोन दिवसांत सांगते."

"चहाचं?" मास्तर म्हणाले.

मनात घोकलं: थोडक्यात, मुद्द्याचं, शांत.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी कोणाशी बोलतोय?" आणि जिना उतरून गेले. पिशवी द्यायची विसरले, तशीच परत घेऊन गेले. आज नोंद केली. कोचना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आवाज चढला नाही, हे चांगलं झालं." मग थोडं थांबून, "त्यांना काय बोलायचं होतं?" मला कसं माहीत असणार?

१८ फेब्रुवारी

सोमवार हा भिंगरीचा बोलायचा दिवस. दोन दिवसांचं साठलेलं असतं. मी ओट्याशी भाजी चिरते, ती ओट्यावर चढून बसते आणि पाय हलवत बोलते. उतर म्हटलं तरी उतरत नाही. आज सगळं ऐकलं. सायकलवाल्याच्या मांजरीला चार पिल्लं झाली. बाबाने भाजी करपवली आणि दोघांनी पाव खाल्ला. बाबाने तिला जगाचा नकाशा भिंतीवर डकवून दिला, पण उलटा, आणि मग म्हणाला की पृथ्वीला वर-खाली असं काही नसतंच.

मग पाय हलवायचे थांबले. हळूच म्हणाली, "आई, बाबा बाथरूममध्ये नळ सोडून रडतो. त्याला वाटतं, मला ऐकू येत नाही."

सुरी हातातच राहिली.

"तू कुणाला सांगू नकोस हं."

"नाही गं, मी कशाला सांगेन," म्हणाले. तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली, गाजराचा एक तुकडा पळवला आणि गेली.

ती झोपल्यावर वही उघडली. 'मुलीच्या सांगण्यानुसार वडील बाथरूममध्ये नळ सोडून रडतात.' एवढंच, विशेषण नाही. कुणाला सांगितलं नाही, फक्त लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं, पण कुणाबद्दल ते कळेना.

६ मार्च

आता सोमवारची पद्धत बसली आहे. नुसतं ऐकत बसलं तर पोरगी मांजरीच्या पिल्लांवर अर्धा तास घालवते, म्हणून मीच विचारते. किती वाजता झोपलात? औषध कोणी दिलं? बाबा पुन्हा रडला का? ती सांगते. परवा म्हणाली, "आई, तू डॉक्टरसारखं विचारतेस." मी म्हटलं, काळजी वाटते म्हणून विचारते.

काल सेशन होतं. कोचनी वही चाळली. नळाच्या नोंदीपाशी थांबल्या.

"हे मुलीने सांगितलं?"

"हो, तिच्याच शब्दांत."

"हे पान मला आवडलं नाही."

"खरं आहे ते."

"खोटं आहे असं कुठे म्हणतेय मी? हे तुम्हाला मिळालं कसं, ते मला आवडलं नाही. ते पान काढा."

मला राग आला. म्हटलं, "कोचने खेळाडूला खेळू द्यावं." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि विषय बदलला. एवढी फी देऊन वर बोलणी पण आपणच खायची! संध्याकाळी तेच पान वकिलांना दाखवलं. ते खुर्चीत पुढे सरकले. "अहो, हेच तर पाहिजे होतं. मानसिक अस्थिरता." खाली दोन रेघा मारल्या. ज्याला कळायचं त्याला कळतं.

२२ मार्च

नोंदी टाइप होऊन प्रतिज्ञापत्राला जोडल्या गेल्या. एकोणीस पानं, चौसष्ट नोंदी. टाइप करणाऱ्याने एकाही तारखेत चूक केली नाही, मी तीनदा तपासलं. एक प्रत कोर्टाला, एक आमच्याकडे, एक मास्तरांना. मास्तरांनी आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले. आता त्यांचा पेपर कुणीतरी तपासतंय.

लॅबमधून येताना भिंगरीसाठी नवा पोहण्याचा चष्मा घेतला.

१ एप्रिल

भिंगरी काल आली ती गप्पच. आज सोमवार, पण ओट्यावर चढली नाही, खुर्चीवर बसली. काय झालं? काही नाही. जेवलात काय? जेवलो. बाबा कसा आहे? बरा आहे. परीक्षा जवळ आली आहे, तिचाच ताण असणार. लिहिण्यासारखं काही मिळालं नाही.

१० एप्रिल

आज एक गंमत झाली. भिंगरीला म्हटलं, रविवारी लवकर ये, आपण दोघी तलावावर जाऊ, नवा चष्मा तसाच पडलाय. तर पुस्तकातून मान वर करून, अगदी शांतपणे म्हणाली, "तुझं म्हणणं ऐकलं. मला विचार करायला वेळ हवा. दोन दिवसांत सांगते."

मी पोट धरून हसले. माझ्याकडूनच उचललं कार्टीने! एका अक्षराची चूक नाही, आवाजही चढला नाही. मनात म्हटलं, शाब्बास, मला जे पंचेचाळिसाव्या वर्षी शिकावं लागलं ते हिला चौदाव्या वर्षी येतं. कुणी हिला फसवणार नाही.

कोचना कौतुकाने सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "तिने हे तुमच्याशी वापरलं?" एवढंच विचारलं. काही माणसांना विनोदाचं अंगच नसतं.

१२ एप्रिल

भिंगरीने आज, दोन दिवसांनी, खरंच सांगितलं. येणार नाही म्हणून.

२७ एप्रिल

घर इतकं शांत कधीच नव्हतं. भिंगरी वेळेवर उठते, ताट उचलून ठेवते, खोलीत जाऊन दार लावून घेते. विचारलं तेवढंच सांगते. मी पॉलिशवालीला म्हटलं, "पोरगी किती समजूतदार झाली बघ, एवढ्या सगळ्यातही." तिने मशीन बंद केलं, मास्क खाली ओढला. "माझी चौदाची होती तेव्हा दारं आपटायची, मला राक्षसीण म्हणायची. तुझी आपटत नाही?"

"नाही. हळू लावून घेते."

"मग बघ बाई," म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

जळतात लोक. स्वतःची पोरगी पळून जाऊन लग्न करून बसली, आणि मला शिकवतेय.

१५ मे

आज मास्तरांचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाले, "तुझी ती एकोणीस पानं."

मी तयारच होते. "तुझं म्हणणं..."

"ते वाक्य ठेव बाजूला. ऐक. मार्चमध्ये तो लिफाफा आला. मी वाचला आणि टेबलावर ठेवून विसरलो. भिंगरीने वाचलाय. सगळा. पान चौदा पण." पान चौदावर नळाची नोंद आहे. "मला बोलली नव्हती ती. रविवारी सहज कळलं. मी बाथरूममध्ये गेलो की रेडिओ मोठा करते. म्हटलं, एवढ्या मोठ्याने का? तर म्हणते, 'म्हणजे मला काही ऐकू आलं नाही असं मला खरं खरं सांगता येईल.'"

मी म्हटलं, "कोर्टाचे कागद पोरीसमोर टेबलावर टाकून ठेवायचे? हा तुझाच विसराळूपणा."

"हो," मास्तर म्हणाले. "माझाच." आणि फोन ठेवला.

चोराच्या उलट्या बोंबा. आधी कागद पसरून ठेवायचे आणि मग मला ऐकवायचं. पासष्टावी नोंद केली. तारीख चुकली, खोडून पुन्हा लिहावी लागली.

१६ मे

भिंगरीशी बोलले. दार वाजवून आत गेले. ती पलंगावर पाय जवळ घेऊन बसली होती.

म्हटलं, "तू ते कागद वाचलेस."

"हो."

"मग मला बोलली का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण रस्ता विचारणाऱ्या परक्या माणसाकडे बघतो. "तू कुणाला सांगणार नाही म्हणाली होतीस."

"मी सांगितलं नाही राणी. लिहिलं फक्त. ते कोर्टासाठी लागतं. सगळं तुझ्यासाठीच चाललंय ना!"

"मांजरीच्या पिल्लांचं पण लिहिलं होतंस," ती म्हणाली. "स्वच्छता नाही म्हणून."

ते खरं होतं. नोंद एक्केचाळीस. मी विसरले होते.

"ओके आई," ती म्हणाली. नुसतं ओके. चिडली असती, रडली असती, तर जवळ घेता आलं असतं. मी दार लावून बाहेर आले. स्वयंपाकघरात बसून राहिले. मला खूप, खूप भीती वाटते आहे. हे कोचना सांगितलेलं नाही.

११ जून

आज कोर्टातल्या समुपदेशक बाईंकडे बोलावलं होतं. भिंतीवर लहान मुलांची चित्रं, कोपऱ्यात ठोकळे. भिंगरी आत चाळीस मिनिटं होती. आम्ही दोघं बाहेर बाकावर, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. मास्तरांनी दोन वेगवेगळे मोजे घातले होते. वही माझ्या मांडीवर.

मग भिंगरीला बाहेर बसवून आम्हाला आत घेतलं. मी लगेच वही पुढे केली. म्हटलं, अर्जानंतरच्या सात नोंदी आणखी आहेत. बाईंनी वही हातात घेतली पण उघडली नाही.

"तुम्ही लिहिलेलं सगळं मी वाचलंय," त्या म्हणाल्या. "आणि ते खरं आहे. मुलीने एकही गोष्ट नाकारली नाही. वडील विसरतात, उशीर करतात, औषध देत नाहीत, सगळं तिनेही सांगितलं."

मला वाटलं, जिंकले. देवाशपथ, त्या क्षणी तसंच वाटलं.

"तिला वडिलांकडे राहायचंय," बाई म्हणाल्या. "का, ते तिच्या शब्दांत लिहून घेतलंय. तुम्हाला सांगायला तिची परवानगी आहे, मी विचारलंय." त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं.

"'बाबाच्या काही लक्षात राहत नाही. मी चिडून काहीही बोलले, रडले, वेड्यासारखं वागले, तरी दुसऱ्या दिवशी त्याला आठवत नाही. आईकडे मी जे बोलते ते सगळं राहतं.'"

मास्तर स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते. वर बघून हसले असते तर मी तिथेच त्यांचा गळा धरला असता. पण ते हसले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते, आणि इथे नळ नव्हता.

मी म्हटलं, "तिला कुणीतरी पढवलंय."

बाई म्हणाल्या, "कुणी?"

मी वही परत घेतली.

१४ जून

कोचचं शेवटचं सेशन. भांडायलाच गेले होते. म्हटलं, "तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. आवाज चढवला नाही, नोंदी ठेवल्या, एक विशेषण वापरलं नाही. आणि मुलगी गेली. कशाबद्दल पैसे घेतलेत तुम्ही माझे?"

त्या रागावल्या नाहीत. कपाटातून एक वही काढली. त्यांचीही वही होती. पानं उलटून वाचायला लागल्या. "पंधरा जानेवारी. मुलीला साक्षीदार करू नका, असं सांगितलं. क्लायंट म्हणाल्या, छे, काहीतरीच. पाच मार्च. ते पान काढा म्हटलं. क्लायंट म्हणाल्या, कोचने खेळाडूला खेळू द्यावं."

"पुरे," मी म्हणाले.

"दहा एप्रिल..."

"पुरे म्हटलं ना!"

माझेच शब्द, तारखेसकट. एकही खोटा नव्हता. अंगावरचं कुणीतरी ओढून काढावं तसं झालं. असं कुणी दुसऱ्याचं बोलणं जपून ठेवतं का? पाच महिने ही बाई समोर बसून मान हलवत होती आणि मला वाटत होतं ती ऐकते आहे.

जिना उतरले. लॉन्ड्रीच्या दारात कठडा धरून उभी राहिले. आतून गरम वाफ येत होती. इस्त्रीवाल्याने बाक पुढे केलं. तिथे बसून मी रडले, रुमाल नव्हता, ओढणीलाच तोंड पुसलं. रडताना एकच विचार डोक्यात घुमत होता, की भिंगरीला पान चौदा वाचताना असंच झालं असेल.

मी कोणासाठी जमवत होते एवढं सगळं? म्हणत होते पोरीसाठी. पोरीकडूनच चोरून, पोरीसाठी.

२१ जून

जेवणाच्या सुट्टीत पॉलिशवालीने विचारलं. तिच्या भाचीचं मोडलंय. "ती तुझी कोच कशी आहे गं? उपयोग होतो का?"

गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा चुरा बोटांत अडकला होता, तो काढत बसले. मनात आलं, नाही म्हणावं. मग मनात आलं, ताईच्या ऑफिसातली ती बाई, तिला झालाच ना उपयोग. कदाचित तिला गप्प बसता येत नसेल, लिहिता येत नसेल, लक्षात राहत नसेल.

"होतो," म्हटलं. "पण भाचीला आधी विचार, तिला काय येत नाही. जे येतं त्याचीच शिकवणी मी लावली."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. डबा संपव."

परवा कोर्टाने भिंगरीच्या म्हणण्याप्रमाणे आदेश दिला, ताईला मात्र ते अजून सांगितलेलं नाही. ती म्हणेल, अपील कर. आणि मी करेन की काय, याची मला खात्री नाही.

२९ जून

भिंगरी आज गेली. पुढच्या आठवड्यापासून शनिवार-रविवार माझ्याकडे.

मास्तर दहाला येणार होते. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळे जातातच. भिंगरीची बॅग बंद होईना. पुस्तकं, गणवेश, पोहण्याचा चष्मा. चष्मा तिने स्वतःहून घेतला. मी म्हटलं, मी बसते वर, तू चेन ओढ. मी बसले. तरी होईना. मग तीही येऊन शेजारी बसली. दोघी बॅगेवर, चेन कुणी ओढायची?

ती हसली. खूप दिवसांनी. मीही हसले, आणि हसता हसता माझं रडणंच सुरू झालं. आवरेना. तोंडावर हात धरला, तर तिने तो हात बाजूला केला, जसं लहान मुलाच्या तोंडातलं काही काढून घेतात. म्हणाली, "आई, नळ सोडू का?"

मग तीही रडली. माझ्या खांद्यावर डोकं टेकून, लहान होती तेव्हासारखी, नाक माझ्या बाहीला पुसत. म्हणाली, "मला तिथे पण आवडणार नाहीये. सगळं करपतं तिथे. मला इथलं खायला हवंय. मला तू हवी आहेस. पण तुझ्याकडे मला जपून बोलावं लागतं."

मी तिचे केस मागे घेतले. खाली सायकलवाल्याकडून आणलेल्या हातगाडीचा आवाज आला, मास्तर कुणालातरी जिना विचारत होते. सतरा वर्षं या जिन्याने चढले-उतरले, आणि विचारत होते. भिंगरीने डोळे पुसले. उठली नाही. माझ्याकडे नीट बघितलं.

"आई, हे लिहिशील?"

"नाही गं," म्हटलं.